11 महिन्यांचा कागद : नागपुरात चालतो तसा पांढुर्ण्यात चालत नाही

पांढुर्णा/सौंसर : 5 ऑक्टोबर 2023 रोजी छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. नव्या जिल्ह्यासोबत बदलीवर येणारा कर्मचारीवर्ग आला. सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रातल्या कामगारांची ये-जा तर आधीपासूनच आहे. त्यामुळे ज्याच्या गाठीला थोडी जमा आहे, तो घरावर वरचा माळा चढवून किरायाने द्यायचे गणित मांडतो आहे.

गणित वाटते तितके सोपे नाही. समजा, दोन खोल्या बांधायला 10 लाख लागले आणि किराया 4 हजार ठरला. वर्षात एक महिना खोली रिकामी राहिली, तर हाती येतात 44 हजार. घरपट्टी आणि डागडुजीचे 6 हजार वजा केले की उरतात 38 हजार, म्हणजे चार टक्क्यांपेक्षाही कमी. एवढ्या कमी फायद्यात एक किरायेदार वर्षभर पैसे न देता बसला, तर पुढच्या वर्षाचीही कमाई बुडालीच समजा. म्हणून खरी गुंतवणूक विटा-सिमेंटइतकीच कागदात आहे. आणि सीमाभागातला घरमालक नेमका तिथेच चुकतो.

एक भाषा, दोन कायदे

इकडच्या अनेक कुटुंबांचे एक घर पांढुर्ण्यात, तर एक फ्लॅट नागपुरात असतो. नागपूरच्या भाच्याने केलेला करारनामा इकडे नाव-गाव बदलून वापरला जातो. 1956 पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच प्रांतात होते. आता मात्र कायदे वेगळे आहेत.

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार 11 महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर 5 हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वादात अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. पण नोंदणी केली तर फायदाही आहे. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो.

मध्य प्रदेशात 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे. नोंदणी कायद्याप्रमाणे 11 महिन्यांच्या कराराला इथे नोंदणीची सक्ती नाही. म्हणून लोकांना वाटते, काम सोपे झाले. पण हा अधिनियम जिथे लागू आहे तिथे कलम 12 मधल्या कारणांशिवाय किरायेदाराला काढण्याचा दावाच चालत नाही, आणि 'मुदत संपली' हे त्यातले कारण नाही. किराया थकणे, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज असणे, ही त्यातली कारणे. थकबाकीची मागणी करणारी नोटीस पोचल्यावर दोन महिन्यांत पैसे भरले नाहीत, तरच ते कारण उभे राहते.

हा अधिनियम सगळ्या गावांना सारखा लागू नाही, ठरवून दिलेल्या क्षेत्रांपुरताच आहे. त्यामुळे घर कोणत्या हद्दीत येते, हे वकिलाकडून आधीच पक्के करून घ्यावे. जिथे तो लागू नाही तिथे मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चालतो. त्यात वेगळा करार नसेल तर महिनेवारी किरायासाठी 15 दिवसांची नोटीस पुरते.

विधवा, घटस्फोटित महिला, दिव्यांग आणि निवृत्त सरकारी कर्मचारी अशा घरमालकांसाठी 1961 च्या अधिनियमात वेगळी वाट आहे. स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असेल तर ते भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात. ही सोय गावात फार कमी लोकांना ठाऊक असते.

काय सांभाळावे

* घर ज्या राज्यात, स्टॅम्प त्या राज्याचा. सावनेरहून आणलेला स्टॅम्प पेपर पांढुर्ण्याच्या घराला कामाचा नाही.
* किराया बँकेतून किंवा यूपीआयने घ्यावा. रोख घेतला तर सहीची पावती द्यावी. थकबाकी सिद्ध करायची वेळ आली की हाच पुरावा.
* करार हिंदीत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सही करण्याआधी मराठीत समजावून सांगावा.
* किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. जिल्हा प्रशासन यासाठी वेळोवेळी आदेश काढते, आणि आदेश मोडला तर गुन्हा मालकावर दाखल होतो.
* किरायासाठी नवा प्लॉट घेताना डायव्हर्शन आणि कॉलनीची मंजुरी आधी पाहावी. अवैध कॉलनीतले स्वस्त घर पुढे महागात पडते.
* किराया थकला म्हणून वीज-पाणी तोडू नये. दोन्ही राज्यांत कायदा त्याला मनाई करतो. मालकाची बाजू खरी असली तरी तो तिथे अडचणीत येतो.

"ओळखीचाच आहे, कागद कशाला?" हे वाक्य इकडे घरोघरी ऐकू येते. पण कागद फक्त मालकाच्या कामाचा नाही. बदलीवर आलेल्या शिक्षकाला डिपॉझिट किती दिले, किराया कधी वाढणार आणि खोली सोडायला किती दिवस मिळणार, हे त्याच कागदातून कळते. वरचा माळा चढवायला काढलेली जमा बहुतेकदा आयुष्यभराची असते. मिस्त्री ठरवण्याआधी एक चक्कर वकिलाकडे मारली, तर त्याची फी एका महिन्याच्या किरायातून निघू शकते. अडकलेली खोली मोकळी करायला मात्र वर्षे लागू शकतात.