मानसायुर्वेद केवळ पूजनापुरता नको

वऱ्हाडच्या ज्ञानपरंपरेत प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराजांचे स्थान अनन्यसाधारण आहे. १८८१ साली अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे जन्मलेल्या महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. १९१५ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी, ते निवर्तले. एवढ्या अवधीत श्रवणाच्या बळावर त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, मधुराद्वैत दर्शन मांडले आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही परामर्श घेतला. त्यांचा ‘मानसायुर्वेद’ मात्र आपल्या व्यवसायबंधूंच्या हाती क्वचितच दिसतो, याची आम्हांस खंत वाटते.

चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा सांगितली. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, हे तिचे स्वरूप. ती बरणीत मिळत नाही. तिला वैद्याचा वेळ लागतो.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली केंद्र शासनाने जाहीर केलेल्या विशेष योजनेत अमरावती व अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्हे होते. निद्रानाश व अरुचीची तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास ब्राह्मी-अश्वगंधेची पुडी देऊन निरोप द्यावा काय?

आमचे नम्र मत असे की, वैद्यांनी प्रथम त्याचे म्हणणे ऐकावे. आत्मघाताचा विचार जाणवल्यास विलंब न लावता मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधी विक्रेत्यांनी वारंवार झोपेचे औषध मागणाऱ्यास वैद्याचा मार्ग दाखवावा. केवळ ऐकून ज्यांनी एवढे ज्ञान संपादिले, त्यांची पूजा आपणही ऐकूनच बांधावी.