यादवीच्या आड चाललेला छळ

म्यानमारच्या चिन प्रांतात, मिझोरामच्या सीमेपासून फार लांब नाही अशा डोंगरावर थांटलांग हे गाव आहे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा तिथे सुमारे दहा हजार माणसे राहत होती, जवळजवळ सगळी ख्रिस्ती. त्या सप्टेंबरात लष्कराच्या माऱ्यात घरे पेटली. आग विझवायला धावलेल्या एका तरुण बॅप्टिस्ट पाळकाला सैनिकांनी गोळ्या घातल्या आणि बोट कापून त्याची अंगठी नेली. लोक गाव सोडून पळाले. गाव जवळजवळ रिकामे झाल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, एका दिवसात दीडशेहून अधिक इमारती जळाल्या; त्यांत चर्चही होती. या सगळ्याला आपल्या बातम्यांत एकच नाव मिळते, ‘यादवी’. ते चुकीचे नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट येते. चिन, काचिन आणि काया प्रांतांतल्या ख्रिस्त्यांचा तिथे छळ चालू आहे आणि तो या युद्धाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. हे मान्य केल्याशिवाय भारताला आपल्या दारात आलेल्या निर्वासितांबद्दल न्याय्य धोरण ठरवता येणार नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, हे लष्कर बौद्धांनाही सोडत नाही. आणि ते खरेच आहे. सगाइंग प्रांतातल्या पाझिजी गावावर एप्रिल २०२३ मध्ये झालेल्या हवाई हल्ल्यात शंभराहून अधिक माणसे मारली गेली, ती प्रामुख्याने बौद्ध होती. मग चिन लोकांच्या यातनांना धर्माचे लेबल का लावायचे? याचे उत्तर २०२१ नंतरच्या घटनांत शोधून सापडणार नाही, त्यासाठी मागे जावे लागते. पंतप्रधान ऊ नू यांनी १९६१ मध्ये बौद्ध धर्माला राजधर्म करण्याचा कायदा आणला. त्याच वर्षी काचिनांचे सशस्त्र बंड सुरू झाले आणि या कायद्याची धास्ती हे त्याचे एक मोठे कारण होते. १९६२ मध्ये लष्कर सत्तेवर आले, १९६६ मध्ये परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढले गेले. नव्वदच्या दशकात चिन टेकड्यांवर लोकांनी उभारलेले क्रूस सैनिकांनी पाडले आणि काही ठिकाणी त्याच जागी पॅगोडे बांधायला ख्रिस्ती गावकऱ्यांना वेठीला धरले. चर्च बांधायची परवानगी वर्षानुवर्षे अडकून राहायची. चिन हा देशातला सर्वांत गरीब प्रांत, तिथली सुमारे ८५ टक्के वस्ती ख्रिस्ती. अशा घरांतल्या मुलांना फुकट शिक्षणाच्या आशेने सरकारी वसतिगृहांत आणायचे आणि तिथे बौद्ध प्रार्थना सक्तीच्या करायच्या, असे प्रकार चिन मानवाधिकार कार्यकर्त्यांनी नोंदवले आहेत. सैन्यात ख्रिस्ती अधिकाऱ्याची बढती ठरावीक पायरीवर थांबते, हे तर तिथे सर्वांनाच माहीत असते. त्या काळात थांटलांगवर बॉम्ब पडत नव्हते, तरी माणसाचा धर्म पाहून त्याचे आयुष्य आखडले जात होते. युद्धाने त्या जुन्या धोरणाच्या हातात तोफा आणि विमाने दिली.

दुसरा युक्तिवाद लष्कराचा स्वतःचा आहे: चर्चमध्ये बंडखोर लपतात, म्हणून तिथे कारवाई होते. चिन तरुणांनी शस्त्रे उचलली आहेत, हे कोणीच नाकारत नाही. पण काया प्रांतात ह्प्रूसोजवळ २४ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, तिसाहून अधिक जणांना मारून त्यांची प्रेते वाहनांसह जाळली गेली; मृतांत मुले होती आणि एका आंतरराष्ट्रीय बालकल्याण संस्थेचे दोन कर्मचारी होते. काचिन बॅप्टिस्ट नेते हकलाम सॅमसन यांच्या हातात तर कधी बंदूक नव्हती. २०१९ मध्ये त्यांनी व्हाइट हाउसमध्ये जाऊन आपल्या लोकांची कैफियत मांडली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना मंडालेच्या विमानतळावर अटक झाली, नंतर सहा वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२४ मध्ये सुटका झाली आणि काही तासांतच पुन्हा ताब्यात घेतले गेले. टिळकांच्या तुरुंगवासामुळे मंडाले मराठी माणसाला परके नाही. शब्दांची भीती वाटणारी सत्ता काय करते, हे आपल्याला वेगळे सांगावे लागू नये.

ख्रिस्ती धर्म गोऱ्यांनी आणलेला, म्हणून त्या देशात उपरा, असेही म्हटले जाते. पण १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे बर्मी स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांच्याबरोबर करारावर सह्या करणाऱ्यांत शान नेत्यांसोबत काचिन आणि चिन नेतेही होते. त्या सह्यांवर हा संघराज्याचा डोलारा उभा राहिला. ज्यांच्या संमतीने देश झाला, त्यांनाच उपरे ठरवणे हा उघड विश्वासघात आहे. आणि हे फक्त ख्रिस्त्यांपुरते नाही. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमानांना बांगलादेशात पळून जावे लागले, तेही याच लष्करामुळे. एकाच्या छळाबद्दल बोलून दुसऱ्याच्या छळाकडे पाठ फिरवणाऱ्याला या विषयावर बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने ईशान्येकडील सीमावर्ती राज्यांना म्यानमारमधून येणाऱ्यांना रोखायला सांगितले आणि निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही, अशी आठवण दिली. मिझोरामचे तत्कालीन मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आपल्या नात्यागोत्याच्या चिन माणसांना परत धाडणे शक्य नसल्याचे कळवले. एका छोट्या, साधनांनी तोकड्या राज्याने तीस हजारांहून अधिक लोकांना आसरा दिला. तिथल्या चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशनने त्यांच्या पोटापाण्याचे पाहिले. मणिपूरमधला हिंसाचार आणि सीमेवरची अमली पदार्थांची तस्करी पाहता केंद्राची सुरक्षेची काळजी खोटी म्हणता येत नाही. पण नोंद झालेला, ओळखपत्र असलेला माणूस सरकारच्या नजरेसमोर राहतो. परत पाठवण्याच्या भीतीने जंगलात लपलेला राहत नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या ख्रिस्त्यांना सवलत दिली; धर्मावरून छळ होऊ शकतो, हे तत्त्व म्हणजे संसदेने मान्य केलेच आहे. म्यानमारच्या २००८ च्या राज्यघटनेतही बौद्ध धर्माला विशेष स्थान आहे. थांटलांगहून आलेल्या कुटुंबाला नागरिकत्व नको आहे, गाव पुन्हा उभे राहीपर्यंत कायदेशीर निवारा हवा आहे. जीव मुठीत धरून आलेल्या प्रत्येकाला, त्याचा धर्म कोणताही असो, तो निवारा देणारा निर्वासितविषयक कायदा केंद्राने आता करावा, आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी तो संसदेत मागावा.