कोडं अवघड असू दे, पण नियम तरी सांगा!

‘प्रकाश’ या शब्दात अक्षरं किती? तुम्ही म्हणाल तीन: प्र, का, श. फोनच्या हिशेबाने मात्र सहा. युनिकोडमध्ये प, पाय मोडायची खूण, र, क, काना आणि श हे सगळं वेगवेगळं साठवलं जातं. मराठी शब्दकोड्याच्या ॲपने यातली कुठली मोजणी धरली आहे हे सांगितलंच नाही, तर मराठी उत्तम येणाराही हरणार. आणि त्याला वाटणार, आपलंच चुकलं.

चांगलं कोडं उत्तर लपवतं, नियम नाही. इंग्रजी ‘वर्डल’ बघा. पाच अक्षरं, सहा प्रयत्न, तीन रंग. एका मिनिटात खेळ समजतो. तो बनवणाऱ्या जॉश वॉर्डलकडे पाच अक्षरी सुमारे १२,००० शब्द होते. त्याची जोडीदार पलक शाह हिने त्यातून ओळखीचे सुमारे २,५०० निवडले आणि उत्तरं त्यातून ठरली. अंदाज बांधताना मात्र दुर्मीळ शब्दही चालतो. म्हणजे निवड भरपूर, पण उत्तर कळल्यावर ‘हा कुठला शब्द?’ असं सहसा होत नाही.

आता फोनवरचे फुकट पझल गेम. पनवेलहून सीएसएमटीपर्यंत लोकलला साधारण सव्वा तास लागतो. त्या वेळात मी रंगीत स्क्रू काढायचा एक गेम खेळायचो. कुठलाही स्क्रू आधी काढा, पूर्ण मोकळीक! पण पट्टीखाली कुठल्या रंगाचे स्क्रू दडलेत ते दिसतच नाही. दहा चालींनंतर जागा संपते आणि पाटी येते: जाहिरात बघा, एक जागा मिळवा. तीच लेव्हल मी परत नीट बघून खेळलो. चुकीची चाल आधी ओळखता येईल अशी एकही खूण स्क्रीनवर नव्हती. मग ती निवड कसली? तो छापा-काटा झाला.

गेम फुकट आहे, तर जाहिराती येणारच, त्यात गैर काही नाही. प्रश्न येतो तो जाहिरात बघायला लावण्यासाठी मुद्दाम कोंडी केली जाते तेव्हा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांबद्दल नियम काढले. त्यात खोटी घाई, सततची टोचणी, लपवलेली जाहिरात असे १३ प्रकार आहेत. जून २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायलाही सांगितलं. पण ‘नियम न सांगणारं कोडं’ असा प्रकार त्या यादीत नाही.

तोवर चाचणी आपणच घ्यायची. हरल्यावर स्वतःला विचारा: माझी कुठली चाल चुकली हे मला सांगता येतंय का? येत असेल तर पुन्हा खेळा. तीन-चार लेव्हल सलग सांगता येत नसेल, तर खुशाल अनइन्स्टॉल करा.