हो, नाही आणि जरा थांबा

सासूला जावई उमगला नाही, म्हणून एक शास्त्र जन्माला आले, असे सांगितले तर आपल्याकडे कोणाला नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते एवढ्याचेच, की ही गोष्ट अमेरिकेतली आहे. कॅथरीन ब्रिग्ज या बाईंच्या मुलीने, इझाबेलने, क्लॅरेन्स मायर्स नावाचा कायद्याचा विद्यार्थी पसंत केला. मुलगा चांगला, पण ब्रिग्ज मंडळींहून अगदी निराळ्या घडणीचा. १९१८ साली लग्न झाले. कॅथरीनबाईंनी नाक मुरडण्याऐवजी माणसांच्या स्वभावांचाच अभ्यास मांडला. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांचा स्वभावप्रकारांवरचा ग्रंथ १९२१ साली निघाला होता. तो इंग्रजीत येताच त्यांच्या हाती पडला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या मायलेकींनी त्यावरून एक प्रश्नावली रचली आणि १९६२ साली ती रीतसर प्रसिद्ध झाली. त्या प्रश्नावलीप्रमाणे माणसांचे प्रकार सोळा आणि प्रत्येक प्रकाराला चार अक्षरांचे नाव.

परवा एका स्थळाच्या माहितीत गोत्र, उंची आणि पगार यांच्या पंगतीला ही चार अक्षरेही बसलेली पाहिली. पूर्वी देवगण, मनुष्यगण, राक्षसगण असे तिघांवर भागत असे. आता सोळा झाले. पत्रिकेवर विश्वास नसलेली मुले या अक्षरांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतात, याची गंमत वाटते. कारण काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली, तर पुष्कळांचा प्रकार बदललेला निघतो. पत्रिका निदान बदलत तरी नाही!

तरीही यात एक खरी गोष्ट आहे. मनालाही हातासारखा कल असतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावा हात नसतो असे नव्हे. पण लेखणी दिसली की उजवाच पुढे होतो. कोणी बोलता बोलता विचार करतो, कोणी विचार पुरा झाल्यावाचून तोंड उघडीत नाही. एखाद्याला चट ठरवून मोकळे व्हायचे असते, तर दुसरा शेवटच्या घटकेपर्यंत दार किलकिले ठेवतो.

हे मला पुस्तकापेक्षा देवळीने अधिक शिकविले. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की हे कापसाचे गाव लागते. तिथे माझे आजोळ. या गावाचा एक प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह पुकारला. युद्धाविरुद्ध बोलायचे, पण एकेकट्याने बोलायचे. गर्दी नको, गोंधळ नको. पहिला माणूस कोण, याकडे देशाचे डोळे लागले होते आणि गांधीजींनी नाव घेतले विनोबांचे. हे विनोबा कोण, असे पुष्कळांनी विचारले. मग गांधीजींनाच ‘हरिजन’मध्ये त्यांची ओळख करून द्यावी लागली. राजकारणाच्या व्यासपीठावर हा मनुष्य कधी झळकलेला नाही, गजबजलेल्या व्यासपीठापेक्षा मुकाट्याने केलेले विधायक काम त्याला मोलाचे वाटते, अशा आशयाचे त्यांनी लिहिले.

१७ ऑक्टोबरला पवनारला सत्याग्रह सुरू झाला. विनोबा आसपासच्या गावी जाऊन बोलत राहिले आणि २१ ऑक्टोबरला देवळीला त्यांना अटक झाली. शिक्षा तीन महिन्यांची. दुसरे नाव होते जवाहरलालजींचे. त्यांनी ७ नोव्हेंबरला आरंभ करायचा होता; पण ३१ ऑक्टोबरलाच, वर्ध्याहून परतताना, सरकारने त्यांना धरले आणि चार वर्षांची शिक्षा ठोठावली. एकाला बोलू दिले, दुसऱ्याला तोंडही उघडू दिले नाही. सरकारलाही माणसांचे प्रकार कळत होते म्हणायचे!

गांधीजींची पारख मला यात दिसते. गर्दी जमवायची असती तर नेहरूंचे नाव पहिले आले असते. पण एकट्याने उभे राहायचे होते, आणि विनोबा एकटेपणात पोरके होणारे नव्हते. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले, मध्येच सुरतेला उतरले आणि काशीची वाट धरली. एवढा मोठा निर्णय, पण वडिलांशी आधी चर्चा नाही की वाद नाही. घरच्यांचे काय झाले असेल, याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. अंतर्मुख माणसाचा निश्चय इतरांना नेहमी अचानक वाटतो. त्याच्यापुरता तो कधीच जुना झालेला असतो.

आणि त्या चार अक्षरांवर पैज लावणारांनी पुढचेही ऐकावे. हाच एकांतप्रिय मनुष्य १९५१ ते १९६४ अशी तेरा वर्षे पायी हिंडला, रोज नव्या गावी, नव्या लोकांपुढे बोलला आणि भूदान मागितले. काम पडले की डावा हातही चालतो तो असा.

आता घरगुती प्रसंग सांगतो. माझे मामा बोलता बोलता विचार करणारे. दारावरून जाणाऱ्याला हाक मारून कापूस आता विकू की संक्रांतीला, हे विचारतील आणि त्याचे उत्तर यायच्या आत स्वतःच तीन उत्तरे देतील. मामी नेमक्या उलट. मामेबहिणीला हिंगणघाटचे एक स्थळ आले, तेव्हा मामांनी ते जेवताना सविस्तर सांगितले. मामींनी भाकरी वाढली, ताट उचलले. चौथ्या दिवशी मामा मोटारस्टँडवर मुलाच्या वडिलांना भेटले आणि आमच्याकडून होकार समजा, म्हणून शब्द देऊन आले.

त्या रात्री देवळीच्या घरात जे बोलणे झाले, ते मी माजघरातून ऐकले आहे.

“अवं, तुले सांगितलं तं होतं! तू तं काहीच बोलली नाही!”

“बोलली नाही म्हणजे हो म्हटलं का जी? मी तं अजून विचारच करून राहिली होती.”

मामींचे म्हणणे, पोरीचा शिक्षिकेचा कोर्स पुरा होऊ द्यावा. मुलाकडची मंडळी थांबायला तयार नव्हती. शब्द परत घ्यायला मामा हिंगणघाटला गेले आणि पडक्या चेहऱ्याने आले. त्या दोन घरांचे जाणे-येणे त्यानंतर तुटले ते तुटलेच. मामा जुलमी नव्हते; आपण विचारले अशी त्यांची खरोखरीच समजूत होती. मामींनी उत्तर दिले नव्हते, हेही तितकेच खरे होते. मौन म्हणजे संमती हे वचन बोलक्या माणसांनीच काढले असावे, अशी मला दाट शंका आहे.

देवळीहून पवनार काही लांब नाही. तिथे विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तिथल्या भगिनींची रीत अशी, की सर्वांचे एकमत झाल्यावाचून निर्णय करायचा नाही. अशा रीतीत वेळ फार जातो, हे उघडच आहे. पण गप्प बसलेल्या बाईचे मत त्यात हरवत नाही. मामांच्या घरी असा कायदा कोणी केला नाही. फक्त आजीने एक पायंडा पाडला. मोठी गोष्ट निघाली की ती मामांना विचारी, “हे बोलणं आहे का ठरवणं?” आणि मामींना सांगे, “पुढच्या बाजाराच्या दिवशी सांगजो मा.” बाजाराच्या दिवशी मामींनी सांगितलेच पाहिजे, ही दुसरी अट. बोलक्याला आवर, तसा अबोलालाही आवर.

आजी आता नाही. मामेबहीण शिक्षिका झाली, पुढे तिचे लग्नही झाले. गेल्या दिवाळीत रस्त्याकडच्या शेताला गिऱ्हाईक आले होते. मामांनी फराळाच्या ताटावर भाव, गिऱ्हाईक, त्याचा सासरा, सगळे ऐकविले आणि शेवटी आपण होऊन म्हणाले, “हे नुसतं बोलणं आहे.” मामी पणत्यांत तेल घालीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, “मागचं विका जी. रस्त्याकडचं राहू द्या.”