दिवाणखान्यातला पाम

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत शेजारच्या वहिनींनी छताला टेकू लागलेला अरेका पाम वरून दोन हात छाटून टाकला. तुळस खुडली की फुटते, मेंदी छाटली की दाट होते. मग पामच का फुटणार नाही, असा त्यांचा हिशेब! संक्रांत आली तरी छाटलेले एकही खोड फुटले नाही.

कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. माडाचा शेंडा गेला की माड गेला. अरेका त्याच कुळातला, मूळचा मादागास्करचा. तिकडे तो २०-२५ फूट सहज जातो. त्याच्याही प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब एकच आणि तो शेंड्याला. सुदैवाने केळीप्रमाणे याला बुडाशी नवे कोंब येतात. वहिनींच्या कुंडीतही आता दोन आले आहेत. म्हणून फार उंच झालेले खोड अधेमधे न छाटता मातीलगत काढावे, बाकीची वाढतात.

पानांची टोके करपली तर दोष बहुधा पाण्याचा. वरची दोन बोटे माती सुकली की भरपूर पाणी घालावे आणि बशीत उतरलेले लगेच ओतून टाकावे; नाही तर मुळे कुजतात (आणि डासांची सोय होते ती वेगळीच). कुंडी खिडकीपाशी, पण दुपारच्या उन्हाबाहेर असावी. पानामागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी समजावा. पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसावीत. साफसफाईत तेवढे जमतेच.