झालर मोजता, शिलाई कधी मोजणार?

मंडळी, "बायका काय, घरबसल्या फावल्या वेळात करतात" हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. डोंबिवली-कल्याणच्या चाळींत, ठाण्यातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत कितीतरी बायका मखराचे पडदे, तोरणं, चौरंगाच्या झालरी, उशांचे अभ्रे नगावर शिवून देतात. काहीजणी भेटकार्डांवर चिकटवायची सॅटिनची चुणीदार फुलं हातशिलाईने करतात. गणपतीच्या आधी दोन महिने या घरांत मध्यरात्रीपर्यंत मशीन चालतं. याला फावला वेळ म्हणायचं?

23 मार्च 2018 ला राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली. थर्माकोलची मखरं गेली, कापडी मखरं आली. उत्तम झालं. खाडी आणि तलाव थोडे तरी सुटले. आता दुकानांत "पर्यावरणपूरक" अशी पाटी लावून हे कापडी मखर चांगल्या भावात विकलं जातं. पण ते शिवणारीच्या हातात काय पडतं, हे त्या पाटीवर कुठेच नसतं.

खरी गोम दर मोजण्याच्या पद्धतीत आहे. दर ठरतो तयार झालरीच्या फुटावर नाहीतर तयार नगावर. आता एक फूट झालर कशी होते ते बघा. चुण्या नीट पडायला कापड निदान दुप्पट लागतं, म्हणजे दोन फुटांची पट्टी. (नेटसारखं पातळ कापड असेल तर तिप्पटसुद्धा.) खालची कड दुमडून शिवायची, 2 फूट. त्यावर लेस, आणखी 2 फूट. वरच्या कडेला सैल, लांब टाक्यांच्या दोन ओळी मारायच्या, झाले 4 फूट. मग दोरा ओढून चुण्या पाडायच्या, बोटांनी सारख्या करायच्या आणि वरच्या पट्टीला जोडायच्या, 1 फूट.

बेरीज करा. दर मिळतो एका फुटाचा, सुईखालून जातात नऊ फूट! सहा फुटांच्या मखराला चोपन्न फूट शिलाई. कापणं, सांधणं, इस्त्री, दोरे कातरणं वेगळंच. दोरा तिचा, वीजबिल तिचं, मशीनचं तेलपाणी तिचं. आणि एक चुणी वाकडी गेली की नग परत.

तुमच्या घरात, शेजारी कुणी हे काम करत असेल तर तिला मिळणारा फुटाचा दर नवाने भागून बघा. उत्तर बघून लाज वाटेल.

बरं, कायद्याला हे माहीत नव्हतं असं नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याने, ठरावीक उद्योगांपुरतं का होईना, माल घरी नेऊन शिवणाऱ्या-सजवणाऱ्यालाही कामगार धरलं होतं. 2008 च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या होती, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. घरून काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार (आयएलओचा 177 वा) 1996 सालचा. त्यावर भारताने अजून मोहोर उमटवलेली नाही. 2021 मध्ये ई-श्रम आलं, कार्ड निघाली. कार्ड पर्समध्ये आणि दर जिथल्या तिथे.

आपले पुढारी काय करतात? शिलाई मशीन वाटतात, हार घालून फोटो काढतात. अहो, मशीन तिच्याकडे आहे! तिला मशीन नको, भाव हवाय.

माल देणारे म्हणतात, सुरतहून तयार माल स्वस्त येतो, दर वाढवला तर धंदा बसेल. मग तयार मालच विका ना. बोर्डावर "हस्तनिर्मित" लिहून जास्तीचा पैसा घ्यायचा आणि दर देताना मशीनच्या मालाशी तुलना करायची, ही दोन्हीकडून मलई झाली. आणि आपण गिऱ्हाईकही साव नाही. मॉलमध्ये गुपचूप बिल भरणारे आपण, बचतगटाच्या स्टॉलवर मात्र "ताई, शेवटचं किती?" म्हणून उभे.

मागण्या साध्या आहेत. एक, दर चुण्या पडण्याआधीच्या पट्टीवर ठरवा, लेस आणि जोडणीचा वेगळा. दोन, माल देताना नग, दर आणि पैसे देण्याची तारीख डायरीत लिहून सही करा. तीन, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी सणाच्या आधी महिनाभर मोक्याच्या जागी स्टॉल द्यावेत, आणि ते शिवणाऱ्या बायकांनाच, मधल्या माणसाला नाही.

आणि ताईंनो, एकट्या दर मागायला जाऊ नका. एका गल्लीतल्या पाचजणींनी मिळून एकच दर सांगा. सणाच्या तोंडावर माल देणाऱ्यालाच घाई असते, तुमच्याइतकीच.

तुमच्या भागात काय दर चाललाय, कमेंटमध्ये लिहा. नाव नको, फक्त एरिया आणि दर. आकडे समोर आले की बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात.