अंधत्व नियंत्रण : शस्त्रक्रियेकडून वेळीच तपासणीकडे

भारताने खुपऱ्या या नेत्ररोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन केले असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रमाणित केले. संघटनेच्या आग्नेय आशिया विभागात नेपाळ आणि म्यानमारनंतर हे यश मिळवणारा भारत हा तिसरा देश ठरला. एकेकाळी देशाच्या अनेक भागांत हा संसर्ग लहान मुलांमध्ये सर्रास आढळत असे. वारंवार संसर्ग झाल्याने पापण्या आतल्या बाजूस वळत, केस बुबुळावर घासत आणि अखेर डोळ्यांत फूल पडून दृष्टी जात असे. १९६३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय खुपऱ्या नियंत्रण कार्यक्रम, प्रतिजैविकांची उपलब्धता, स्वच्छ पाणी आणि सुधारलेले राहणीमान यांचे हे फलित आहे. ही कामगिरी निश्चितच समाधानाची आहे. मात्र देशातील नेत्रआरोग्यापुढे आता जे रोग उभे आहेत, त्यांचे स्वरूप निराळे असून त्यांच्याशी लढण्याची पद्धतही बदलावी लागणार आहे.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, तेव्हा देशातील अंधत्वाचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे १.४ टक्के होते आणि त्याचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हे होते. याच वर्षी मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. कमी खर्चात, मोठ्या संख्येने आणि उत्तम दर्जाच्या शस्त्रक्रिया करता येतात, हे या संस्थेने जगाला दाखवून दिले. १९९२ मध्ये तिच्याशी संलग्न कारखान्यात कृत्रिम भिंगांची निर्मिती सुरू झाली आणि परदेशातून आणावे लागणारे महागडे भिंग सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आले. शासकीय रुग्णालये, स्वयंसेवी संस्था आणि गावोगावची नेत्रशिबिरे यांनी हे काम पुढे नेले.

याचा परिणाम आकडेवारीत दिसतो. २००६-०७ च्या पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १ टक्का होते. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने २०१५ ते २०१९ या काळात केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ते ०.३६ टक्क्यांवर आल्याचे आढळले. तथापि, या दोन आकड्यांची तुलना करताना एक बाब ध्यानात घ्यावी लागते. २०१७ मध्ये भारताने अंधत्वाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाशी जुळवून घेतली. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारी वस्तू पाहण्यासाठी ज्याला ६ मीटरपर्यंत किंवा त्याहून जवळ यावे लागते, अशी व्यक्ती पूर्वी अंध गणली जाई. आता ही मर्यादा ३ मीटर आहे. त्यामुळे घट खरी असली तरी तिचा काही भाग व्याख्येतील बदलामुळे आलेला आहे. जे या गणनेबाहेर गेले, त्यांच्या दैनंदिन अडचणी मात्र कमी झालेल्या नाहीत.

याच पाहणीनुसार, ५० वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वात अजूनही ६६.२ टक्के वाटा उपचार न झालेल्या मोतीबिंदूचा आहे. ग्रामीण भागात अंधत्वाचे प्रमाण शहरांपेक्षा अधिक आहे, तर निरक्षर व्यक्तींमध्ये ते दहावी वा त्याहून अधिक शिकलेल्यांच्या कितीतरी पट आहे. ७.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे आले आहे, ही बाबही गंभीर आहे. शस्त्रक्रियांची संख्या वाढवताना निर्जंतुकीकरण, शस्त्रक्रियेनंतरची देखभाल आणि रुग्णाची पुन्हा तपासणी यांकडे तितकेच लक्ष देणे आवश्यक आहे, असा याचा अर्थ होतो.

मोतीबिंदूच्या बाबतीत एक गोष्ट दिलासादायक आहे. उशीर झाला तरी बहुतेक रुग्णांची दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते. नेत्रशिबिरांची सारी कार्यपद्धती याच वैशिष्ट्यावर उभी राहिली. दिसेनासे झाले की रुग्ण येतो, शस्त्रक्रिया होते आणि तो पाहू लागतो. आता वाढत असलेल्या मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार आणि काचबिंदू या दोन रोगांना हा क्रम लागू पडत नाही. हे दोन्ही रोग प्रारंभी वेदना देत नाहीत आणि रुग्णाला काही जाणवेपर्यंत झालेली हानी बहुधा भरून येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास डोळ्याच्या आतील पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांतून द्राव व रक्त पाझरते आणि पुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटू लागतात. ४० वर्षांवरील मधुमेहींच्या देशव्यापी पाहणीत १२.५ टक्के व्यक्तींना हा विकार असल्याचे आणि ४ टक्के व्यक्तींची दृष्टी त्यामुळे धोक्यात असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून समोर आले. वेळेत निदान झाल्यास लेसर उपचार वा डोळ्यांत दिली जाणारी इंजेक्शने दृष्टी वाचवू शकतात. म्हणूनच प्रौढ वयात मधुमेहाचे निदान झाल्याबरोबर आणि त्यानंतर दरवर्षी दृष्टिपटलाची तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. प्रत्यक्षात अनेक मधुमेही नियमितपणे रक्ततपासणी करतात, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जात नाहीत, कारण त्यांना स्पष्ट दिसत असते.

काचबिंदूची स्थिती याहून चिंताजनक आहे. देशात सुमारे १ कोटी २० लाख लोकांना हा रोग असल्याचा अंदाज आहे. यात डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारी नस हळूहळू निकामी होते. बहुतेक रुग्णांत प्रथम बाजूची दृष्टी जाते, समोरचे मात्र बराच काळ नीट दिसते. दक्षिण भारतातील पाहण्यांमध्ये काचबिंदू आढळलेल्या बहुसंख्य व्यक्तींना त्याची आधी कल्पनाच नव्हती. आई-वडील वा भावंडांना काचबिंदू असल्यास धोका वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्टिरॉईडयुक्त थेंब दीर्घकाळ वापरणे हेही त्याचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे. डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून जुन्याच थेंबांची बाटली आणण्याची सवय म्हणूनच घातक ठरते.

या संदर्भात एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. चाळिशीनंतर बहुतेक जण चष्म्याचा नंबर तपासून घेतात आणि डोळ्यांची तपासणी झाली असे मानतात. परंतु नंबर तपासताना डोळ्यातील दाब, नस आणि पडदा पाहिला जातोच असे नाही. चष्म्याने स्पष्ट दिसू लागले म्हणजे डोळा निरोगी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

लहान वयातही वेळेचे महत्त्व असेच आहे. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. ती चुकल्यास बाळाला कायमचे अंधत्व येऊ शकते. जीवनसत्त्व ‘अ’ ची पहिली मात्रा नवव्या महिन्यात आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दिली जाते. शाळकरी मुलांमध्ये लांबचे न दिसण्याचा दोष वाढत असून दररोज काही काळ उघड्यावर, सूर्यप्रकाशात खेळणे त्यापासून बचाव करण्यास साहाय्यभूत ठरते. फळ्यावरचे न दिसणारे मूल अनेकदा अभ्यासात मागे आहे असे समजले जाते, त्यामुळे शालेय नेत्रतपासणी आणि मोफत चष्मेवाटप यांचे मोल मोठे आहे.

या पार्श्वभूमीवर धोरणाची दिशा स्पष्ट होते. आयुष्मान आरोग्य मंदिरांमधून ३० वर्षांवरील नागरिकांची मधुमेह व रक्तदाबासाठी तपासणी केली जाते. तेथे नोंद झालेल्या प्रत्येक मधुमेहीची नेत्रतपासणीही त्याच यंत्रणेतून झाली, तर रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची वाट पाहावी लागणार नाही. केरळ शासनाने ‘नयनामृतम्’ या उपक्रमातून हा मार्ग चोखाळला आहे. तेथे कुटुंब आरोग्य केंद्रातच प्रशिक्षित कर्मचारी दृष्टिपटलाचे छायाचित्र घेतात, ते दूरस्थ पद्धतीने तपासले जाते आणि गरज असलेल्या रुग्णालाच मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते. नेत्रतज्ज्ञ प्रामुख्याने शहरांत एकवटलेले असताना अन्य राज्यांसाठीही ही पद्धत अनुकरणीय आहे. अर्थात, छायाचित्र घेऊन थांबणे पुरेसे नाही. उपचारासाठी पाठवलेला रुग्ण तेथे पोहोचला की नाही, याचा पाठपुरावा होणे तितकेच महत्त्वाचे आहे, आणि त्यात आशा स्वयंसेविकांची भूमिका मोलाची ठरेल.

आजवर या कार्यक्रमाचे यश मुख्यतः वर्षभरात झालेल्या शस्त्रक्रियांच्या संख्येवर मोजले गेले. मोतीबिंदूचे काम अपुरे असल्याने ती मोजणी यापुढेही लागेलच. तिच्या जोडीला किती मधुमेहींचे दृष्टिपटल तपासले गेले आणि किती जणांचा काचबिंदू दृष्टी जाण्यापूर्वी ओळखला गेला, याचीही नोंद व्हायला हवी. नागरिकांच्या बाजूने अपेक्षा मोठी नाही. चाळिशी ओलांडल्यावर डोळ्यांची संपूर्ण तपासणी, मधुमेह असल्यास ती दरवर्षी, आणि सल्ल्याविना कोणतेही थेंब न वापरणे, एवढे पथ्य पाळले तरी अनेकांची दृष्टी वाचू शकेल. गेलेली दृष्टी परत मिळवून देण्यात देशाने गेल्या पाच दशकांत मोठी मजल मारली आहे. असलेली दृष्टी जाऊ न देणे, ही त्यापुढची जबाबदारी आहे.